पाणबुडीला खिडकी नसते

आमच्या वरूड तालुक्यात 'पाणबुडी' म्हटलं की समुद्र कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. पाणबुडी म्हणजे बोअरमध्ये सोडलेली मोटर. एप्रिल-मे महिन्यात "पाणबुडी जळली" हे वाक्य इथे लग्नाच्या आमंत्रणापेक्षा जास्त वेळा कानावर येतं. सातशे-आठशे फुटांचा बोअर, झाडावर धरलेला संत्र्याचा आंबिया बहार आणि रात्री केव्हातरी येणारी थ्री फेज वीज, एवढ्यावर आमचं वर्ष उभं असतं. समुद्र पाहायचाच तर अमरावतीहून मुंबईच्या गाडीत अख्खी रात्र काढावी लागते, आणि तेवढी हौस फार थोड्यांना असते.

मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाची पाणबुडी वर काढताना मी तिथे होतो. मेकॅनिकनं तिपाई उभी करायच्या आधी स्टार्टर दाबायला सांगितलं आणि स्वतः बोअरच्या तोंडाशी उकिडवा बसून पाइपाला कान लावला. दोन सेकंदांत हात वर केला. "बंद करा, बंद करा. घूं करून रायली. एक फेज खालपर्यंत जातच नाई. मोटर चांगली हाये भाऊ, जॉइंट गेला असन." मग चेनपुली लागली आणि वीस-वीस फुटांचे पाइप एकेक करत वर यायला लागले. दुपार उलटली तेव्हा मोटर बाहेर आली. केबल जिथे मोटरच्या वायरीला जोडतात तिथली टेप फुगली होती, आतलं तांबं काळं पडलं होतं. दोन बोटांएवढा जॉइंट, आणि त्यापायी चारशे झाडं चार दिवसांपासून तहानलेली.

सहावीतला पुतण्या सगळं टक लावून पाहत होता. त्यानं विचारलं, "काकाजी, समुद्रातल्या पाणबुडीच्या खिडकीतून मासे दिसतात का?"

दिसत नाहीत. युद्धाच्या पाणबुडीला खिडकीच नसते. पण पोराचा दोष नाही. त्यानं पाहिलेल्या प्रत्येक चित्रात, कार्टूनमध्ये पाणबुडीला गोल काचा होत्या. ही काच आपल्या डोक्यात बसवली ज्यूल व्हर्ननं. १८६९-७० मध्ये त्याची कॅप्टन निमोची कादंबरी आली आणि निमोच्या 'नॉटिलस'मध्ये दिवाणखाना, ग्रंथालय, वाजवायला ऑर्गन आणि समुद्राचा तळ दाखवणाऱ्या भल्यामोठ्या काचा होत्या. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला म्हणून आमच्या पिढीनं तो वाचला. मी तर वाचनालयातलं पुस्तक परत करायला महिनाभर टाळाटाळ केली होती. ती काच मलाही खरी वाटायची.

खरी पाणबुडी आंधळी असते. ठिबकच्या फिल्टरवरचं प्रेशर आम्ही किलोत मोजतो, तोच हिशेब तिथे लावून बघा. पाण्याच्या दर दहा मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. तीनशे मीटर खाली गेलेल्या बोटीवर नखाएवढ्या जागेत तीस किलो, म्हणजे संत्र्याच्या भरलेल्या क्रेटहून जास्त वजन. असं पूर्ण अंगावर. त्यात काच कोण बसवेल? बसवलीच तरी दोनशे मीटरच्या खाली उजेड जवळपास पोचत नाही. पेरिस्कोप चालतो तो पाण्याच्या वरच्या थरात. बाकी सगळा वेळ पाणबुडी कानावर जगते. सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बसलेला माणूस दुसऱ्या जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकतो आणि त्यावरून ते काय आहे, कुठे चाललं आहे, हे ठरवतो. स्वतः आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनीही ऐकता येतो, पण तसं केलं की आपला ठिकाणा शत्रूला कळला. म्हणून शक्यतो गप्प राहायचं आणि ऐकायचं. पाइपाला कान लावून बसलेला आमचा मेकॅनिक, खरं सांगायचं तर, निमोपेक्षा पाणबुडीतल्या माणसाच्या जास्त जवळचा आहे.

माझा मुद्दा असा की कादंबरीतली ही काच आपण पाणबुडीबद्दलच्या सार्वजनिक बोलण्यातही बसवून घेतली आहे. नवी पाणबुडी नौदलात दाखल होते, नारळ फुटतो, आणि बातमीत लांबी, वजन, टॉर्पेडो किती, क्षेपणास्त्रं किती, शत्रूला कशी धडकी भरली, एवढं येतं. आपल्याला वाटतं, दिसलं सगळं. माझगाव गोदीत बांधायच्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला २००५ मध्ये. पहिली 'कलवरी' दाखल झाली डिसेंबर २०१७ मध्ये, सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये. यातल्या दुसरीचं नाव 'खांदेरी', शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी बांधलेल्या जलदुर्गावरून. नाव वाचून माझीही छाती फुगली, खोटं का बोलू. पण किती पाणबुड्या आहेत हा प्रश्न आपण जेवढ्या उत्साहानं विचारतो, तेवढ्या उत्साहानं हे विचारत नाही की त्यांचे जॉइंट कोण तपासतं, आणि तपासणारा "आज सोडू नका" म्हणाला तर त्याचं कोणी ऐकतं का.

कारण पाणबुड्यांच्या इतिहासात शत्रूबरोबर घरच्या कच्च्या कामानंही माणसं मारली आहेत. युद्धात शत्रूचं जहाज बुडवणारी पहिली पाणबुडी 'हनली'. अमेरिकन यादवी युद्ध, १७ फेब्रुवारी १८६४. आत आठ माणसं, त्यातली सात हातानं दांडा फिरवून पंखा चालवत होती. तिनं जे जहाज बुडवलं त्यावरचे ५ खलाशी मेले. स्वतः 'हनली'वर तीन वेळच्या बुडण्यात मिळून २१ जण गेले, आणि त्यात जिच्या नावानं ती ओळखली जाते तो हनलीही होता. हे सगळं व्हर्नची कादंबरी छापायला लागण्याच्या पाच वर्षं आधीचं. ऑर्गन वाजवणारा निमो आणि काळोखात दांडा फिरवत गुदमरलेले ते खलाशी एकाच काळातले आहेत.

पण मला सर्वांत जास्त छळते ती 'थ्रेशर'ची गोष्ट. ही अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी, त्या काळातली सर्वांत आधुनिक पाणबुडी. गोदीतलं मोठं काम उरकून १० एप्रिल १९६३ रोजी ती खोल बुडीच्या चाचणीला गेली आणि १२९ माणसांसह परत आली नाही. त्यात गोदीतले आणि कंपन्यांचे १७ बिनलष्करी लोकही होते, म्हणजे मेकॅनिक, तंत्रज्ञ. चौकशी मंडळाचा अंदाज असा की समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाचा एक जोड खोलीवर सुटला, फवाऱ्यानं विजेची यंत्रणा बिघडली, अणुभट्टी बंद पडली. मग वर येण्यासाठी टाक्यांमधलं पाणी दाबाच्या हवेनं बाहेर ढकलायचा प्रयत्न झाला. पण त्या हवेत ओल होती. ती नळ्यांच्या जाळीवर गोठली आणि हवा अडली.

याच्या आधीचा भाग जास्त वाईट आहे. गोदीत असताना चांदीच्या डागानं जोडलेल्या जॉइंटांची एक नवी तपासणी सुरू झाली होती. १४५ जॉइंट तपासले, त्यातले १४ टक्के कच्चे निघाले. बोटीत असे जॉइंट हजारोंनी होते. सगळे तपासायचे तर आवरणं काढावी लागणार, मुदत टळणार. तपासणी तिथेच थांबली.

मुदत हा शब्द आम्हाला चांगला माहीत आहे. बहार झडतो आहे, लाइन रात्री दहाला येणार आहे, आत्ताच्या आत्ता सोडा मोटर, असं प्रत्येक शेतकरी प्रत्येक मेकॅनिकला म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. आणि मग आठ दिवसांनी तीच मोटर पुन्हा वर काढलेली आहे. फरक एवढाच की आमच्या बोअरमध्ये १२९ माणसं नसतात.

'थ्रेशर'नंतर अमेरिकन नौदलानं काही महिन्यांत एक पद्धत लावली. नाव 'सबसेफ'. समुद्राचा दाब जिथे जिथे येतो त्या प्रत्येक पाइपाचा, झडपेचा, जोडाचा कागद हवा: धातू कुठला, काम कोणी केलं, तपासलं कोणी, सही कोणाची. कागद नसेल तर बोट खोल जाणार नाही. १९१५ ते १९६३ या काळात त्यांच्या १६ पाणबुड्या लढाईशिवायच्या कारणांनी बुडाल्या होत्या. त्यानंतर एकच, १९६८ मधली 'स्कॉर्पियन', आणि तिला या पद्धतीचं प्रमाणपत्र नव्हतं. कागदावर चिडणाऱ्या आपल्यासारख्या लोकांनी हा आकडा दोनदा वाचावा. तलाठ्याकडचा कागद आणि हा कागद यांत फरक आहे. इथे सही करणारा माणूस नाही म्हणू शकतो.

आता आपल्याकडे. १४ ऑगस्ट २०१३ ला, मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर, मुंबईच्या नौदल गोदीत, धक्क्याला बांधलेल्या 'सिंधुरक्षक'मध्ये स्फोट झाले आणि १८ नौसैनिक गेले. समोर शत्रू नव्हता. बोट रशियातून दुरुस्ती होऊन नुकतीच आलेली होती. सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ ला, 'सिंधुरत्न'मध्ये केबलींच्या आगीचा धूर कोंडला आणि दोन अधिकारी मरण पावले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि तो त्याच दिवशी स्वीकारला गेला. पदाला चिकटून राहण्याच्या या देशात हा माणूस उठून गेला, याबद्दल मला आदर आहे. पण राजीनाम्यानं केबल बदलत नाही. नैतिक जबाबदारी एकानं घेतली की तांत्रिक जबाबदारी कोणाची होती हा प्रश्न आपण आनंदानं विसरतो, हेही तितकंच खरं.

२०१७ मध्ये कॅगनं संसदेपुढे अहवाल ठेवला. २००७-०८ ते २०१५-१६ या वर्षांत नौदलाच्या जहाजांचे आणि पाणबुड्यांचे ३८ अपघात, ३३ मृत्यू. सुरक्षिततेसाठी नौदलानं २०१४ मध्ये स्वतंत्र संघटना उभी केली होती. अहवाल लिहीपर्यंत तिला सरकारची मंजुरी मिळालेली नव्हती, असंही त्यात नोंदलं होतं. त्या आठवड्यात कोणत्या पारावर याची चर्चा झाली? आमच्या पारावर तरी नाही. आमच्याकडे १९७१ च्या 'गाझी'ची चर्चा होते, कारण तिच्यावर हिंदी सिनेमा आला. विशाखापट्टणमसमोर बुडालेली ती पाकिस्तानी पाणबुडी आपल्या नौदलाच्या माऱ्यानं बुडाली की आतल्या स्फोटानं, यावर दोन्ही देशांत आजही दोन कथा आहेत. पण सिनेमा पाहिलेल्या माणसाला शंका उरत नाही. त्याला खिडकीतून दिसलेलं असतं.

यावर हमखास उत्तर येतं की पाणबुडी गुप्त असते, तुम्हा गावातल्या लोकांना कशाला हव्या चौकशा. पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. पाणबुडी कुठे आहे, किती खोल जाते, तिचा आवाज कसा आहे, हे मला कळता कामा नये. पण धक्क्याला बांधलेल्या बोटीत १८ माणसं का मेली हे शत्रूला कळल्यानं काय बिघडणार, आणि आम्हाला न कळल्यानं काय साधणार? चौकशीचं सार संसदेत दोन ओळींत सांगितलं जातं, पूर्ण अहवाल तुमच्या-माझ्यापर्यंत येत नाही. अमेरिकेचंही फार कौतुक नको. 'थ्रेशर'ची कागदपत्रं एका निवृत्त पाणबुडी अधिकाऱ्यानं कोर्टात खेचल्यावर २०२० पासून बाहेर यायला लागली, म्हणजे ५७ वर्षांनी. मात्र त्यांनी कागद झाकले तरी जॉइंट तेवढ्यात सुधारले होते. आपण निदान एवढं तरी मागावं: दरवर्षी संसदेत सांगा की किती दुरुस्त्या मुदतीबाहेर गेल्या, सुरक्षिततेच्या किती शिफारशी अमलात आल्या आणि किती तशाच पडून आहेत. यात एकही गुपित फुटत नाही. आणि गावातल्या लोकांचा संबंध विचाराल तर आमच्याकडची पोरंही नौदलात भरती होतात. समुद्र कधी न पाहिलेलं पोर थेट त्या नळीत जाऊन झोपतं.

आता कोणी म्हणेल, मग विज्ञानकथा वाईट का? मुळीच नाही. उलट चांगल्या कथाकारानं पाहिलेलं ॲडमिरलांना दिसलं नव्हतं. सगळ्याच कथाकारांना दिसलं असं नाही; विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्ससारख्या माणसानं १९०१ मध्ये लिहून ठेवलं की पाणबुडी आपल्याच खलाशांना गुदमरवण्यापलीकडे आणि बुडण्यापलीकडे काही करेल अशी कल्पना त्याला करवत नाही. 'हनली' आठवली तर तो अगदीच चुकला असंही म्हणवत नाही. पण २२ सप्टेंबर १९१४ ला 'यू-९' या एका जर्मन पाणबुडीनं एका सकाळीत तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या, चौदाशेहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी जुलैत, महायुद्धाच्या तोंडावर, शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलची एक कथा छापून आली होती. त्यात एक चिमुकला काल्पनिक देश आठ पाणबुड्यांनी धान्याची जहाजं बुडवून इंग्लंडला उपाशी मारतो. कथेसोबत नौदलातल्या बड्या लोकांची मतं छापली होती आणि कोणताही सुसंस्कृत देश निःशस्त्र व्यापारी जहाजं बुडवणार नाही, असा एका ॲडमिरलचा विश्वास होता. पुढच्या मे महिन्यात 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं, सुमारे १,२०० माणसं गेली. डॉयलला यंत्राचं फार काही कळत नव्हतं. भुकेचं आणि माणसाच्या हेतूचं कळत होतं. आम्हा कोरडवाहू मुलखाला तर भूक समजावून सांगायला नको. असली विज्ञानकथा मराठीत कोणी लिहीत असेल तर मी वर्गणी काढून छापायला तयार आहे. नायक निमो नको, जॉइंट तपासणारा हवा.

निमोबद्दल एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. पहिल्या कादंबरीत तो कोण, कुठला, काही कळत नाही. व्हर्नच्या मनात तो रशियानं घरदार संपवलेला पोलिश सरदार होता. रशियाला दुखवायला नको म्हणून प्रकाशकानं ते मोडून काढलं. पुढच्या एका कादंबरीत, १८७५ च्या सुमारास, उलगडा होतो की निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात सगळं गमावलेला. बुंदेलखंड! सातपुडा ओलांडा, नर्मदा ओलांडा, आणखी वर जा. आमच्यासारखाच बिनसमुद्राचा, पाण्यावाचून होरपळणारा मुलूख. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पाणबुडीचा कप्तान तिथला, हे वाचून मला आजही मौज वाटते आणि जरा आपलेपणाही.

पण निमो आवडण्याचं कारण काय, तर त्याला विचारणारा कोणी नाही. सरकार नाही, वरिष्ठ नाही, हुकूम नाही. त्याला वाटलं की समोरचं जहाज बुडवायचं. कादंबरीत हे रुबाबदार दिसतं. आता आपल्याकडे अण्वस्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या आहेत, 'अरिहंत' २०१६ पासून, 'अरिघात' २०२४ पासून. पाण्याखाली साधा रेडिओ चालत नाही. तिरुनेलवेलीजवळच्या नौदल केंद्रातून फार लांब लहरींवर निरोप जातो, पाणबुडीला तो ऐकू येतो, पण त्याच वाटेनं उत्तर देता येत नाही. अशा बोटीवर निमो चालेल का?

२७ ऑक्टोबर १९६२, क्युबाजवळ. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया युद्धाच्या तोंडाशी आलेले. सोव्हिएत पाणबुडी 'बी-५९'. आत ४५ अंशांच्या वर गरमी, बॅटऱ्या संपत आलेल्या, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि वरून अमेरिकी जहाजं इशाऱ्याचे बॉम्ब टाकत होती. वर युद्ध सुरू झालं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, खिडकी नव्हती. बोटीवर अणुबॉम्बचा एक टॉर्पेडो होता. त्याच बोटीवरच्या एका अधिकाऱ्यानं अनेक वर्षांनी सांगितलेल्या हकीकतीनुसार कप्तानानं चिडून तो तयार ठेवायला सांगितलं. त्याच्याच हुद्द्याचा दुसरा अधिकारी, वासिली आर्खिपोव, योगायोगानं त्या बोटीवर होता. त्यानं कप्तानाला शांत केलं, वर यायला लावलं. आपल्याकडे अण्वस्त्रांचा निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेचा आहे, हे २००३ मध्ये जाहीर झालं, ते बरंच आहे. तरी प्रत्येक बोटीवर एक आर्खिपोव आहे का, त्याला नाही म्हणण्याचा हक्क कागदावर आहे की मर्जीवर, हा प्रश्न मला टॉर्पेडोंच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो.

पुतण्याला यातलं निम्मंच सांगितलं. त्याला खिडकी नसल्याचं वाईट वाटलं. मग म्हणाला, "मंग ते लोक दिवसभर काय पाह्यतात?" मी म्हटलं, घड्याळं पाहतात आणि ऐकतात.

तिकडे मेकॅनिकनं जळालेला तुकडा कापून नवा जॉइंट केला होता. तांबं घासून चकचकीत केलं, पिळलं, डाग दिला, वरून रबराची टेप, त्यावर दुसरी. तो जॉइंट त्यानं पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला आणि मीटर लावून बसला. काटा जरासा हलला. त्यानं टेप पुन्हा सगळी सोडली. भाऊ तापला. "अरे, दहाला लाइन येते. सोड बाप्पा आता, झाडं सुकून रायली."

"नाई सोडत भाऊ आज. ओल हाये आतमधी. सकाळी करतो."

"मंग दुसरा माणूस बोलावतो मी."

"बोलवा ना," असं म्हणून त्यानं पाने पिशवीत भरले आणि गाडीला किक मारली. भाऊ रात्रभर त्याला शिव्या घालत होता, पण दुसरा माणूस काही बोलावला नाही. दहाला थ्री फेज आली, स्टार्टरवरचे तिन्ही दिवे लागले. बोअरच्या तोंडावर पोतं टाकलेलं होतं, पाइप बांधावर ओळीनं पडले होते, आणि केबलीचं ते टोक पोरानं घरात नेऊन पंख्याखाली वाळत ठेवलं होतं.